पत्र्यापलीकडचा तास

हमीद, तू गेलास त्याला आज तिसरा शनिवार. सकाळची शाळा सुटली, पोरं सायकली काढून गेली, शिपाई रजेवर आहे म्हणून बाकीच्या वर्गांना कुलपं मीच लावली. आणि खोलीवर जायच्या ऐवजी माझ्या दहावीच्या वर्गात येऊन बसलोय. खोलीवर जाऊन तरी काय करायचंय? एक खाट, एक गॅस आणि कोपऱ्यात तपासायच्या वह्या. तिथं भिंतींशी बोलण्यापेक्षा इथं बसून तुझ्याशी बोलावं म्हटलं. गेलं दीड वर्ष आपण धड बोललो नाही. त्यामुळे आता तू गप्प आहेस म्हणून मी थांबेन अशी आशा ठेवू नकोस.

शोकसभेत सगळे तुझ्याविषयी चांगलंच बोलले. एकानं तर तुला ऋषितुल्य म्हटलं. मी खाली बघून हसलो. ऋषी कसला, हेकट माणूस तू. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, त्यातला. मलाही बोलायला उभं केलं होतं. 'हमीद सर' एवढं म्हणालो आणि पुढचं काही येईना, तसाच खाली बसलो. लोकांना वाटलं, रडू आलं. रडू नव्हतं आलं. तुला 'सर' म्हटल्यावर तू कोण दुसराच वाटायला लागलास.

साताऱ्याला बी.एड. करताना आपण एका खोलीत राहायचो. तू रहिमतपूरचा, गाद्या भरणाऱ्याच्या घरातला. मी कृष्णाकाठचा, ऊसवाल्यांचा. जतकडच्या कुठल्याशा गावात लोकांनी मिळून स्वतःची शाळा काढलीय, पत्र्याचं शेड आहे, अनुदान नाही, शिक्षक टिकत नाहीत, एवढी माहिती तू कुठून तरी काढलीस आणि माझ्या मागे लागलास. "संपा, दोनच वर्सं चल गड्या. शाळा हुबी ऱ्हायली की तू मोकळा." माझे वडील म्हणाले, बागायत सोडून कुसळात चाललाय, ह्याला कुनी तरी काय तरी घातलंय खायाला. त्या दोन वर्षांची एकवीस झाली. बायको मुलीच्या शिक्षणासाठी सांगलीला जाऊन राहिली, मी महिन्यातून दोनदा पाहुण्यासारखा जातो. शाळा हुबी ऱ्हायली का, हे तुला विचारायचं राहूनच गेलं.

पण तू शिकवायचास छान, हे कुणी नाकारणार नाही. पहिल्या आठवड्यात पाचवीतली एक मुलगी तुझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "नीरु." घरी सगळी कानडी, मराठीचा एक शब्द तोंडात नाही. तू तिला पाणी दिलंस आणि फळ्यावर 'नीर' असं लिहून वर्गाला म्हणालास, "बगा, ही घरनंच मराठी शिकून आलीया." ती पोरगी आज नर्स आहे. तुझ्या जनाज्याच्या दिवशी दोन एस.टी. बदलून आली आणि भाभींजवळ दिवसभर बसून राहिली.

ही शाळा आपल्यासारख्या नऊ खुळ्यांवर चालली. मानधन म्हणायचे आपल्या पगाराला. त्यातला मान तेवढा वेळेवर मिळायचा. कुणाच्या बायकोनं शिलाई मशीन चालवलं, कुणी सुट्टीत द्राक्षबागेत छाटणीला गेलं. आणि चालली देणाऱ्यांवर. कुणी विटा टाकल्या, कुणी ट्रॅक्टर पाठवला, ज्याच्या विहिरीला पाणी होतं त्यानं पाणी दिलं, सैन्यातून रजेवर आलेल्या पोरांनी बाकं करून दिली. आता देणाऱ्याला काय हवं असतं? नाव. त्यात वाईट काय? आपल्याकडे देवळातल्या पंख्याच्या पातीवरसुद्धा देणाऱ्याचं नाव असतं.

पण मुख्याध्यापक तू, तू नियम काढलास. शाळेच्या भिंतीवर कुणाचंही नाव लागणार नाही. देणाऱ्यानं शाळेत यायचं, स्वतःच्या हातानं फळ्यावर नाव लिहायचं आणि आपल्याला जे येतं त्याचा एक तास घ्यायचा. तास संपला की मॉनिटर फळा पुसणार.

"आन् त्या बिचाऱ्याला मिळालं काय?" मी विचारलं होतं.

"चाळीस पोरं त्याला रस्त्यात वळखत्यात की. आनी काय पायजे?"

बिराप्पा धनगरानं शाळेला एक मेंढा दिला, तेव्हा तू त्यालाही सोडलं नाहीस. लिहिता येत नाही हे तुला माहीत होतं, म्हणून खडू हातात देतानाच म्हणालास, "आण्णा, नाव ऱ्हाऊ द्या. मेंढरू काडा." त्यानं काढलं. एक पोरगं म्हणालं गाढव, दुसरं म्हणालं कुत्रं, बिराप्पा स्वतःच पोट धरून हसला. मग त्यानं दोनशे मेंढरांतून आपलं चुकलेलं मेंढरू तोंडावरून कसं ओळखायचं ते सांगितलं, अर्धं मराठीत, अर्धं कानडीत. माझ्या भूमितीला जांभया देणारी पोरं तोंड उघडं टाकून ऐकत होती. त्या दिवशी मला तुझा हेवा वाटला. कधी बोललो नाही, आज सांगतो.

ते सगळं मी ऐकलं ते इथूनच, पत्र्याच्या पलीकडून. नववी आणि दहावीच्या मध्ये भिंत नाहीच, एक पत्रा. पलीकडे तू, अलीकडे मी. तुझी कविता रंगात आली की माझे त्रिकोण वाकडे व्हायचे. मी पत्र्यावर डस्टर आपटायचो, तू आवाज कमी करायचास, दोन मिनिटांनी पुन्हा वाढायचा. किती वर्षं चाललं हे. नववीच्या सगळ्या कविता मला पाठ झाल्या आणि तुझ्या पोरांना दहावीत येण्याआधीच पायथागोरस. एप्रिलमध्ये पत्रा तापला की दोन्ही वर्ग लिंबाखाली जायचे आणि तिथंही आपण पाठीला पाठ लावून शिकवायचो.

म्हणून बबनशेठ आले तेव्हा मी नाचायचाच बाकी होतो. खानापूर-आटपाडीकडची माणसं देशभर जाऊन सोनं-चांदी गाळायचा धंदा करतात, गलाईवाले म्हणतात त्यांना. शेठ त्यातलेच, दुकान तिकडं तामिळनाडूत. आपलं गाव त्यांच्या आईचं माहेर. आई वारली, तिच्या आठवणीसाठी शाळेला पक्क्या खोल्या बांधून द्यायचं त्यांनी मनात आणलं. मागणं एकच, दारात कमान करायची आणि कमानीवर आईचं नाव घालायचं. गावानं उत्साहात कमानीसाठी दोन खड्डेसुद्धा खणले. तू म्हणालास, "नावाचं मागनं बगू. आदी तास."

शेठ आले. कडक इस्त्रीचे कपडे, बोटांत अंगठ्या, बाहेर मोठी गाडी. तू त्यांच्या हातात खडू दिलास आणि मागच्या बाकावर जाऊन बसलास. मी दारात उभा होतो. त्यांनी पहिलं अक्षर काढलं, दुसरं काढलं आणि थांबले. बाराव्या वर्षी शाळा सोडून ते भट्टीवर गेले होते, त्यानंतर चाळीस वर्षं त्यांनी मराठी लिहिलंच नव्हतं, हे आपल्यातल्या कुणाला ठाऊक होतं? पहिल्या बाकावरची एक पोरगी मदत करायच्या भरात पुढचं अक्षर ओरडली. मग सगळा वर्गच ओरडायला लागला. पोरांना वाटलं, हा काहीतरी खेळ आहे. शेठनी खडू ठेवला, न वाजलेला फोन कानाला लावला आणि "आलोच" म्हणून बाहेर गेले. गाडी गावाबाहेर जाईपर्यंत तू मागच्या बाकावरून उठला नाहीस.

बिराप्पाचा मळका पटका बघून तू आधी काळजी घेतलीस. अंगठ्या बघून तुला ती घ्यावीशी वाटली नाही. हा तुझा घोटाळा, हमीद. एवढा हुशार माणूस तू, आणि श्रीमंताला अक्षर येतंच असं धरून चाललास.

ऑफिसात येऊन मी काय बोललो ते तू विसरला नसशील. "तुज्या तत्त्वाचं छप्पर कर आन् बसव पोरांस्नी त्येच्याखाली." तू म्हणालास, "संपा, चूक माजी हाय." तिथं मी थांबायला हवं होतं. पण समोरचा चूक कबूल करायला लागला की त्याला आणखी दोन ठेवून द्याव्याशा वाटतात, हा माझा जुना रोग. मी म्हणालो, "तुला शाळा मोटी व्हायला नगोच हाय. तुला सोताला मोटं व्हायचं हाय." तू चष्मा काढून पुसलास आणि तासाला गेलास. त्या तासाला पत्र्यापलीकडून तुझा आवाज फार हळू येत होता, मला डस्टर आपटावं लागलं नाही.

मग आपण अबोला धरला, पन्नाशीला टेकलेली दोन माणसं. "सरांना विचार, सहामाहीचा पेपर काढला का," असं मी शिपायाला सांगायचो, आणि सर दोन हातांवर बसलेले असायचे. शिपाई बिचारा मान इकडून तिकडं करून दमायचा. रविवारी तुझ्या घरी जेवायला यायचो ते मी बंद केलं. भाभींनी सोमवारी डबा पाठवायला सुरुवात केली. तू सकाळी तो माझ्या टेबलावर ठेवायचास, काही न बोलता. मंगळवारी मी तो घासून तुझ्या टेबलावर ठेवायचो, काही न बोलता. एकदा डब्यात भाभींनी गोड घातलं होतं, कसलं निमित्त होतं ते मला आजही माहीत नाही. विचारायला तोंड उघडावं लागलं असतं.

आता तो शनिवार. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तू कविता शिकवत होतास, मी प्रमेय. मधेच तुझा आवाज थांबला. मला वाटलं, लिहायला दिलं असशील. खरं सांगतो, बरं वाटलं. म्हटलं चला, आज एक प्रमेय तरी शांततेत होईल. मी ते सगळं सोडवलं, सावकाश, आकृतीसकट. शेवटची ओळ लिहीत होतो तेव्हा पलीकडून कुणीतरी पत्र्यावर हात मारला. मला आधी रागच आला.

तू खुर्चीत बसला होतास, पुस्तक मांडीवर. "जरा थांबा रं," म्हणालास आणि डोळे मिटलेस, असं पोरांनी सांगितलं. आणि पोरं थांबली. तू थांबा म्हणालास म्हणून ती हाताची घडी घालून बसून राहिली, बोलली नाहीत, उठली नाहीत. एवढी शिस्त तू लावायला नको होतीस. जतच्या डॉक्टरांनी मला सांगितलं, पाच-सात मिनिटांनी काही फरक पडला नसता. डॉक्टर भला माणूस आहे. मी त्यांच्यावर विश्वास ठेवायचा प्रयत्न करतोय.

जनाज्याला खांदा दिला. तीन मुठी माती टाकली. तुझ्या थोरल्या भावानं मला हाताला धरून पुढं नेलं, नाहीतर मी मागंच उभा राहिलो असतो. भांडलेल्या माणसानं कुठं उभं राहायचं असतं, हे मला कुठं ठाऊक होतं?

पाचव्या दिवशी बबनशेठ आले. साधी गाडी, स्वतः चालवत. ऑफिसात आले आणि तुझ्या खुर्चीकडे बघत माझ्यासमोर बसले.

"हमीद सर माज्या घरी आलं हुतं," ते म्हणाले. "गेल्या दिवाळीत. मी गावाकडं आलोया हे कळलं त्यास्नी. ऊन चढायच्या आत स्कूटर घिऊन दारात हजर."

"कशासाठी?"

"माफी मागाया. आत या म्हनलं तर येईनात. शेठ, चूक माजी, तुमचा अपमान माज्यामुळं झाला, असं हुंबऱ्यात हुबं ऱ्हाऊनच म्हनलं. मला कसंतरीच झालं. म्हनलं, झालं गेलं सोडा, बांदतो मी खोल्या. तर म्हनत्यात कसं, माफीपायी दिऊ नका. आन् कवा द्याल तवा तास मातर घ्यावाच लागंल." शेठ हसले आणि मग रुमालानं डोळे पुसले. "आवं, म्हनलं, सर, तुमी माफी मागाया आलाय का मला पुन्ना फळ्याम्होरं हुबं करायला?"

हे सगळं तू मला सांगितलं नाहीस. की सांगायला आला होतास? दिवाळीची सुट्टी संपल्यावर एक दिवस तू माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला होतास. मला तुझे बूट दिसत होते. मी वह्यांतून मान वर केली नाही. थोड्या वेळानं तू तिथली खडूची पेटी उचललीस आणि गेलास. खडू तुझ्याकडे होते, हमीद. सकाळीच मी तुझ्या टेबलावर नवी पेटी पाहिली होती.

शेठ म्हणाले, खोल्या बांधतो, येत्या उन्हाळ्यात. आईचं नाव नको. कमानीवर हमीद सरांचं नाव घाला. "तसं असंल तरच बांदीन. न्हाईतर माजं मन घेत न्हाई."

संस्थेची माणसं लगेच हो म्हणायला निघाली होती. अध्यक्ष म्हणाले, संपतरावांना विचारा, आता मुख्याध्यापक तेच. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी आठ दिवस मागितले. लोकांना नवल वाटलं. नावाच्या पाटीसाठी एकवीस वर्षं भांडणारा माणूस, आणि आता पाटी चालून आली तर हा विचार कसला करतोय?

विचार कसला ते तुला कळेल. इंग्रजी शाळेची पिवळी बस आता आपल्या वेशीपर्यंत येते. ह्या वर्षी पाचवीला किती कमी पोरं आली ते तू पाहिलंस. पालक येतात, पत्र्याकडे बघतात आणि "घरात इचारून सांगतो" म्हणून जातात. खोल्या झाल्या नाहीत तर दोन वर्षांत शाळेला कुलूप, ह्यात मला शंका नाही. आणि खोल्या हव्यात तर तुझं नाव दगडात कोरून दारावर लावायचं, ज्या माणसानं एकाही देणाऱ्याचं नाव लावू दिलं नाही त्याचं. तू असतास तर गवंड्याच्या हातातली थापी काढून घेतली असतीस.

भाभींकडे गेलो. दीड वर्षानं त्या उंबऱ्यातून आत गेलो. त्यांनी चहा ठेवला. मी सगळं सांगितलं आणि म्हणालो, "भाभी, त्याला हे आवडलं नसतं."

"न्हाईच आवडलं," त्या म्हणाल्या. चहा गाळला. "लगीन झाल्यापासनं समदं त्यांच्या मनासारखं झालं. शाळा त्यांच्या मनासारखी, गाव त्यांच्या मनासारखं. घरात पंखा कवा आनायचा तेबी त्यांच्या मनासारखं. आता एक गोष्ट आमच्या मनासारखी हुंदे." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "रविवारी जेवायला येत जावा भाऊजी. डबा कोन पोचवनार आता?"

काल शेठना फोन केला. हो म्हणालो. मग विचारलं, "शेठ, तासाचं काय करायचं?" "सर," ते म्हणाले, "ते असतं तर घेतला असता वो. आता न्हाई हुनार माज्याच्यानं." मी म्हणालो, "ऱ्हाऊ द्या." तू असतास तर त्यांना गोड बोलून, घोळात घेऊन, शेवटी फळ्यासमोर नेलंच असतंस, आणि सोनं कसं गाळतात ते पोरांना कळलं असतं. मला ते जमत नाही. मला माणसांशी भांडता येतं, त्यांना आणता येत नाही. एका फोनमध्ये मी तुझे दोन्ही नियम मोडले. पुढच्या देणाऱ्याला तासाचं विचारून बघेन. तो काय म्हणतो ते बघू.

सगळ्यांना मी सांगितलं की पोरांसाठी हो म्हटलं. ते खोटं नाही. पण तू विचारलं असतंस तर मला पुढचंही सांगावं लागलं असतं. पत्रा जाईल, मध्ये विटांची भिंत येईल. तुझ्या जागी कुणीतरी नवी बाई येईल, चांगली शिकवेल, आणि मला दहावीत त्यातलं अक्षर ऐकू येणार नाही. ह्या गावात मला अरे-तुरे करणारं आता कुणी नाही. मी 'सर' आहे, 'संपतराव' आहे. सकाळी शाळेत शिरताना कुठंतरी तुझं नाव मला दिसायला हवं होतं, हमीद, म्हणून मी हो म्हटलं. पोरांचं कारण होतंच, पण आधी हे होतं. रागाव. हवं तेवढं बोल. ह्या वेळी मी उलटून बोलणार नाही.